रेणूंचा डावा-उजवा हात

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचा दूरध्वनी आला. त्यांचे सासरे ७८ वर्षांचे. रक्तदाबासाठी कित्येक वर्षे ते ॲम्लोडिपीनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होते. मध्यंतरी डॉक्टर बदलले, चिठ्ठीही बदलली आणि घरात नवी पट्टी आली. तिच्यावर नाव होते ‘एस-ॲम्लोडिपीन’ आणि मात्रा होती २.५ मिलिग्रॅम. नाव जवळजवळ तेच, आकडा मात्र निम्मा. दुकानात ५ची गोळी नसेल म्हणून २.५ची दिली असावी, असा हिशेब करून त्यांनी सकाळी दोन गोळ्या द्यायला सुरुवात केली. हिशेब प्रामाणिक होता आणि अंकगणितही बरोबर होते. परंतु आठ-दहा दिवसांत सासऱ्यांच्या पावलांवर सूज दिसू लागली. पलंगावरून उठताना त्यांना भोवळ येऊ लागली. एका रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना ते भिंतीला धरून तसेच खाली बसले. सुदैवाने मार लागला नाही.

“गोळी तीच, मग असे का झाले?” हा त्यांचा प्रश्न होता. गोळी तीच नव्हती. नावाआधीचे ते एकच अक्षर, ‘एस’, सारा फरक सांगत होते. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, एवढे मी त्यांना सांगितले. डॉक्टरांनी मात्रा दुरुस्त केली आणि काही दिवसांत सूजही उतरली. पण त्या एका अक्षरात दडलेला अर्थ इतका मोलाचा आहे की आजचे सदर त्यालाच वाहावे असे वाटले. ते अक्षर समजून घेताना रसायनशास्त्रातील एका सुंदर शोधापर्यंत आपल्याला जाता येते. तो शोध म्हणजे धातूंची मदत न घेता, अगदी लहानशा सेंद्रिय रेणूंच्या साहाय्याने औषधे घडवण्याची कला. २०२१चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच कामाला मिळाले.

आपले दोन्ही तळहात समोर धरून पाहा. बोटे तितकीच, लांबी तितकीच, अंगठा आणि करंगळीही तशीच. तरी एक हात दुसऱ्यावर तंतोतंत बसवता येत नाही. डावा हात हा उजव्याचे आरशातील प्रतिबिंब असतो. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात घालू लागलो की ही गोष्ट लगेच ध्यानात येते. निसर्गातील असंख्य रेणूंची हीच तऱ्हा आहे. तेच अणू, त्याच क्रमाने जोडलेले, परंतु अवकाशातील मांडणी मात्र एकमेकींची आरशातील प्रतिमा. रसायनशास्त्रात या गुणाला ‘कायरॅलिटी’ म्हणतात. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थच ‘हात’ असा आहे.

स्वयंपाकघरात याचा सुरेख दाखला मिळतो. पुदिन्याचा ताजा गंध आणि बाळंतशोपाचा उग्रमधुर गंध यांत कोणाची गल्लत होणार नाही. तरीही दोन्ही गंधांमागे मुख्यतः ‘कार्वोन’ नावाचा एकच पदार्थ असतो. पुदिन्यात त्याचा एक हात आणि बाळंतशोपात दुसरा. आपल्या नाकातील ग्राहक स्वतःच हातमोज्यांसारखे असतात. त्यांना डावे-उजवे कळते, म्हणून आपल्याला दोन वेगळे गंध येतात.

नाकाचे जे, तेच साऱ्या शरीराचे. आपली प्रथिने डाव्या हाताच्या अमिनो आम्लांनी बांधलेली आहेत, तर शरीर वापरते ती साखर उजव्या हाताची असते. त्यामुळे पोटात गेलेल्या औषधाचा एक हात शरीरातील कुलपात किल्लीसारखा बसतो. दुसरा कधी नुसताच फिरून बाहेर पडतो, कधी थोडेफार काम करतो, तर कधी उपद्रवही देतो. ॲम्लोडिपीनच्या साध्या गोळीत दोन्ही हातांचे रेणू समसमान असतात आणि रक्तदाब उतरवण्याचे काम जवळजवळ सगळे डावा हात, म्हणजे ‘एस’ रूप, करतो. म्हणूनच एस-ॲम्लोडिपीनचे २.५ मिलिग्रॅम साधारणपणे साध्या ॲम्लोडिपीनच्या ५ मिलिग्रॅमइतके असते. आपल्या भगिनींनी दोन गोळ्या दिल्या, तेव्हा सासऱ्यांच्या शरीराला प्रत्यक्षात १० मिलिग्रॅमचा परिणाम मिळत होता. पावलांवरची सूज हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि मात्रेबरोबर तो वाढतो.

पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाणारे ‘लेव्होडोपा’ हे दुसरे उदाहरण. त्यातील ‘लेव्हो’ म्हणजे डावा. १९६०च्या दशकात या उपचाराचे आरंभीचे प्रयोग झाले, तेव्हा डाव्या-उजव्या रूपांचे मिश्रणच दिले जाई आणि काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होत. पुढे केवळ डावे रूप देण्यास प्रारंभ झाला. निम्म्या मात्रेत गुण येऊ लागला आणि तो त्रासही टळला. कवचबीजात, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांत, हाच डावा डोपा निसर्गतः असतो. पार्किन्सनच्या गोळ्या चालू असताना कवचबीजाचे चूर्ण परस्पर सुरू करू नये, असे डॉक्टर का सांगतात, ते यावरून कळेल. चूर्णाने औषधाची मात्रा नकळत वाढते.

थॅलिडोमाइडची दुःखद कथा पुष्कळांनी ऐकली असेल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे औषध गर्भवती स्त्रियांना मळमळीवरही दिले गेले. जगभरात १० हजारांहून अधिक बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. त्याचा एकच हात अपायकारक होता आणि दुसरा निर्दोष, असे बरेचदा सांगितले जाते. परंतु शरीरात गेल्यावर या औषधाचे दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात, म्हणून ‘चांगला’ हात निवडून दिला असता तरी अनर्थ टळला नसता. रेणूचा हात महत्त्वाचा आहेच, पण सगळे काही त्यावरच ठरते असे नाही. प्रत्येक औषधाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते.

आता खरी अडचण पाहू. प्रयोगशाळेत साध्या रीतीने औषध तयार केले तर दोन्ही हातांचे रेणू निम्मे-निम्मे तयार होतात. नाणे हजारदा उडवावे तसे. त्यांतून हवा तो हात मिळवायचा कसा?

पहिला मार्ग निवडून वेगळे करण्याचा. १८४८ साली २५ वर्षांच्या लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत एकमेकांची प्रतिबिंबे असलेले दोन प्रकार त्यांना दिसले आणि चिमट्याने एकेक उचलून त्यांनी ते वेगळे केले. तांदूळ निवडावे तसेच हे काम होते. हेच टार्टारिक आम्ल आपल्या चिंचेत आणि द्राक्षांत असते. मौजेची गोष्ट अशी की ॲम्लोडिपीनचे दोन हात वेगळे करण्याच्या एका परिचित रीतीत याच आम्लाचा उपयोग होतो. पण निवडण्याच्या मार्गात निम्मा माल बाजूला पडतो. तो पुन्हा वापरता आला नाही, तर श्रम, पैसा आणि रसायने वाया जातात.

दुसरा मार्ग म्हणजे मुळात हवा तोच हात घडवायचा. त्यासाठी लागतो उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ म्हणा. तो दोन घरांना एकत्र आणतो, सोयरीक जमवून देतो, पण स्वतः त्या संसारात राहत नाही. लगेच पुढच्या स्थळाकडे वळतो. रासायनिक क्रिया घडवून आणूनही जो स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक. ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द १८३५ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी रूढ केला.

दीर्घकाळ शास्त्रज्ञांचा असा समज होता की उत्प्रेरक मुख्यतः दोनच जातींचे असतात. एक जात धातूंची. तेलापासून वनस्पती तूप करताना निकेल हा धातू वापरला जातो, हे त्याचे घरगुती उदाहरण. दुसरी जात एन्झाइमांची. भाताचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, ते लाळेतील एन्झाइमामुळे. एन्झाइमे हात ओळखण्यात अतिशय निष्णात असतात. परंतु ती शेकडो अमिनो आम्लांनी विणलेली अवाढव्य प्रथिने आहेत आणि बरीचशी उष्णतेने वा द्रावणाच्या फरकाने बिघडतात.

धातूंनीही मोठी कामगिरी केली आहे. अमेरिकेत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम या दुर्मीळ धातूच्या उत्प्रेरकाने डावा डोपा तयार करण्याची रीत घडवली आणि १९७०च्या दशकात ती कारखान्यात आली. २००१च्या नोबेल पारितोषिकात नोल्स यांचा वाटा होता. म्हणजे हजारो पार्किन्सन रुग्णांच्या हाताची थरथर कमी करण्यात एका धातूचाही हातभार आहे. तरी धातूंच्या काही अडचणी आहेत. त्यांतील कित्येक फार महाग. काही उत्प्रेरकांना हवेतील प्राणवायू किंवा ओलावा जराही सोसत नाही, त्यामुळे कारखान्याच्या मोठ्या पात्रांत त्यांना सांभाळणे कठीण जाते. शिवाय तयार औषधातून धातूचा अंश काढून टाकावा लागतो.

या दोन जातींपलीकडे एक तिसरी जात आहे, हे १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काम करणाऱ्या दोन तरुण शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले.

बेंजामिन लिस्ट हे जर्मनीचे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत ते एन्झाइमांसारखे काम करणाऱ्या प्रतिपिंडांचा अभ्यास करत होते. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. एन्झाइम एवढे मोठे असले, तरी प्रत्यक्ष काम त्यातील मोजकीच अमिनो आम्ले करतात. मग उरलेला डोलारा हवाच कशाला? एकटे अमिनो आम्ल हेच काम करील का? त्यांनी ‘प्रोलीन’ हे अमिनो आम्ल निवडले. ते सर्वत्र मिळते, स्वस्त आहे आणि त्यात अवघे १७ अणू आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी औषध कंपन्यांतील संशोधकांनी स्टेरॉइडचे घटक तयार करताना प्रोलीन उत्प्रेरक म्हणून वापरलेही होते. पण तो धागा पुढे फारसा कोणी धरला नव्हता. इतक्या वर्षांत कोणी पुढे गेले नाही, तेव्हा त्यात काही अर्थ नसावा, असेच लिस्ट यांनाही वाटत होते. फारशी अपेक्षा न ठेवता त्यांनी प्रयोग केला आणि तो साधला. दोन साधे कार्बनी पदार्थ जोडले गेले आणि तयार झालेल्या प्रत्येक शंभर रेणूंपैकी सुमारे ८८ एकाच हाताचे निघाले. सहकाऱ्यांसह त्यांनी हे काम २००० साली प्रसिद्ध केले.

प्रोलीन हे कसे साधते? त्याच्या नायट्रोजनाच्या टोकाने ते पहिल्या रेणूला काही काळ स्वतःशी बांधून घेते आणि जोडणीसाठी उत्सुक करते. त्याचे दुसरे, आम्लधर्मी टोक दुसऱ्या रेणूला खुणावून जवळ ओढते, पण एकाच बाजूने. प्रोलीन स्वतः डाव्या हाताचे असल्यामुळे दुसऱ्या बाजूची वाट अडलेली असते. जोडणी झाली की पाण्याचा एक रेणू येऊन प्रोलीनची सुटका करतो आणि ते पुढच्या जोडीकडे वळते. आपल्या मध्यस्थाला जणू आग्रहच असतो की वऱ्हाड याच दाराने आत आले पाहिजे.

दुसरे शास्त्रज्ञ डेव्हिड मॅकमिलन हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले. हार्वर्डमध्ये त्यांनी धातूंच्या उत्प्रेरकांवर काम केले होते. इतक्या नाजूक आणि महागड्या गोष्टी उद्योगांत क्वचितच वापरल्या जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९८ साली बर्कलीला गेल्यावर त्यांनी धातू बाजूला ठेवले आणि कार्बन, नायट्रोजन यांच्या कड्याचे छोटे रेणू मुद्दाम रचून पाहिले. तेही अपेक्षेप्रमाणे एकाच हाताचे पदार्थ देऊ लागले. त्यांचे कामही २००० सालीच प्रसिद्ध झाले आणि या क्षेत्राला ‘ऑर्गॅनोकॅटॅलिसिस’ हे नाव त्यांनीच दिले. मराठीत आपण त्याला सेंद्रिय उत्प्रेरण म्हणू. २१ वर्षांनी नोबेलची वार्ता आली, तेव्हा मॅकमिलन यांना ती थट्टाच वाटली. ही बातमी खोटी असल्याची १ हजार डॉलरची पैज त्यांनी लिस्ट यांच्याशी लावली. अर्थात ती ते हरले.

या शोधाने औषधांच्या जगात काय बदलले? कुचल्यातील स्ट्रिक्निन हा फार गुंतागुंतीचा रेणू. १९५०च्या दशकात तो प्रथम कृत्रिमरीत्या तयार झाला, तेव्हा २९ टप्पे लागले आणि आरंभीच्या द्रव्यापैकी केवळ ०.०००९ टक्के हाती आले. २०११ साली मॅकमिलन यांच्या गटाने सेंद्रिय उत्प्रेरण वापरून तो १२ टप्प्यांत घडवला. ही रीत सुमारे ७ हजार पटींनी कार्यक्षम ठरली. स्ट्रिक्निन हे विष आहे, औषध म्हणून ते कोणाला नको. पण अवघड चढ नव्या वाटेने किती सोपा होतो, हे त्यावरून दिसते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर २००९चा ऑगस्ट आठवा. पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान मांडले होते आणि ओसेल्टामिव्हिर हे औषध घराघरांत बोलले जात होते. हे औषध तयार करण्याच्या प्रस्थापित रीतीचा आरंभ शिकिमिक आम्लापासून होतो आणि ते आम्ल आपल्या मसाल्यातील चक्रीफुलातून मिळते. साथ आली की मागणी एकाएकी वाढते, पण झाडाला फळे धरायची त्याच वेळी धरतात. नेमक्या त्याच वर्षी जपानच्या युजिरो हायाशी यांच्या गटाने प्रोलीनच्या भाऊबंदातील एक उत्प्रेरक वापरून, चक्रीफुलावाचून, हे औषध घडवण्याची आखूड रीत दाखवली. २०१६ साली त्यांनी एकाच भांड्यात, सुमारे ६० मिनिटांत ते तयार करून दाखवले. प्रयोगशाळेतील यश म्हणजे उद्याचा कारखाना नव्हे, हे खरे. तरी साथीच्या दिवसांत झाडांच्या हंगामावर विसंबून राहावे लागू नये, यासाठीची एक वाट त्यातून दिसते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरीनचीही अशीच गोष्ट. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली लहान सेंद्रिय उत्प्रेरकाच्या मदतीने वॉरफॅरीन एकाच टप्प्यात, बहुतांशी एकाच हाताचे, तयार केले. पण दुकानात मिळणारे वॉरफॅरीन आजही दोन्ही हातांचे मिश्रणच आहे. त्याचा ‘एस’ हात दुसऱ्याहून कित्येक पटींनी जोरकस आहे आणि शरीर दोन्ही हातांचा निचरा वेगवेगळ्या मार्गांनी करते. काही प्रतिजैविके यांतील एकच मार्ग अडवतात आणि रक्त अचानक अधिक पातळ होते. वॉरफॅरीन घेणाऱ्याला कोणतेही नवे औषध सुरू झाले की डॉक्टर आयएनआर चाचणी पुन्हा करायला का सांगतात, त्याचे एक कारण हे आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धातूचा चांगला उत्प्रेरक शंभर रेणूंमागे एखादा, कधी त्याहूनही कमी पुरतो. लिस्ट यांच्या पहिल्या प्रयोगात मात्र शंभर रेणूंमागे प्रोलीनचे ३० रेणू लागले होते. पुढे हे प्रमाण पुष्कळ खाली आले, तरी सर्वच क्रियांना सेंद्रिय उत्प्रेरक चालत नाहीत. आज कारखान्यांत धातू, एन्झाइमे आणि लहान सेंद्रिय रेणू, तिघेही आपापल्या जागी कामे करतात. धातूच्या साहाय्याने घडलेली गोळी घातक असते, असा समजही कोणी करून घेऊ नये. औषधात धातूचा अंश किती चालेल, याच्या कडक आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पोटात जाता कामा नये, अशी त्यांपैकी एक.

येथेच एका शब्दाविषयी सावध करतो. या शास्त्रात ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनयुक्त संयुग, एवढेच. सेंद्रिय भाजी किंवा सेंद्रिय गूळ म्हणताना आपल्या मनात असतो तो अर्थ येथे नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत रॉकेल सेंद्रिय आहे, डीडीटी सेंद्रिय आहे आणि कुचल्याचे विषही सेंद्रिय आहे. त्यामुळे कोणी दारात किंवा मोबाइलवर “ही सेंद्रिय गोळी, हिच्यात केमिकल नाही, तुमची जुनी औषधे बंद करा” असे सांगू लागला, तर नोबेलचा दाखला त्याच्या कामाचा नाही. प्रोलीनचेही तसेच. आपल्या त्वचेतील, हाडांतील आणि कूर्चेतील कोलॅजेनमध्ये ते भरपूर असते. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या कवचातही असते. पण चंचुपात्रात ते उत्तम मध्यस्थ ठरले, म्हणून त्याची भुकटी खाल्ल्याने सांधे दुरुस्त होतील, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मग या साऱ्याचा घरातील औषधपेटीशी संबंध काय? ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पट्टीवरील ठळक व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते. ते पूर्ण वाचा. चष्मा लावा, भिंग घ्या किंवा मोबाइलवर छायाचित्र काढून मोठे करून पाहा. नावाआधी ‘एस’, ‘आर’, ‘लेव्हो’, ‘डेक्स’ असे काही जोडलेले असेल, तर ते औषध बहुधा एका हाताचे आहे असे समजा.

२. दोन नावांच्या मिलिग्रॅमची तुलना स्वतः करू नका. सेटिरिझीन १० आणि लेव्होसेटिरिझीन ५ यांचे काम साधारण सारखे असते. म्हणून प्रत्येक वेळी ‘निम्मे’ हाच नियम, असेही नाही. ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल या आम्लपित्ताच्या गोळ्या बरेचदा २० मिलिग्रॅमच्याच दिल्या जातात. हिशेब डॉक्टरांचा किंवा औषधविक्रेत्याचा, आपण केवळ विचारायचे.

३. चिठ्ठी बदलली की जुनी पट्टी पेटीतून बाजूला काढा. सकाळी ॲम्लोडिपीन आणि रात्री एस-ॲम्लोडिपीन, किंवा सिटालोप्रॅमबरोबर एस्सिटालोप्रॅम, अशी एकाच औषधाची दोन रूपे नकळत दिली जाण्याचा संभव असतो. दोन निरनिराळे डॉक्टर उपचार करत असतील, तर हा धोका अधिक.

४. एका हाताचे औषध म्हणजे हमखास अधिक चांगले, असे धरून चालू नका. काही औषधांत ते खरे आहे, काहींत फरक नगण्य आहे. आयब्युप्रोफेनचा निष्क्रिय हात तर बऱ्याच अंशी शरीरातच सक्रिय हातात बदलतो. मिश्रण असलेली जुनी, स्वस्त गोळी सोसत असेल आणि गुण देत असेल, तर केवळ नव्या नावासाठी ती बदलण्याचा आग्रह धरू नका.

५. औषध बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत भोवळ, पावलांवरील सूज, अति झोप किंवा तोल जाणे यांकडे लक्ष ठेवा. ‘वयोमानाने होते’ असे म्हणून सोडून देऊ नका. उतारवयात एका पडण्याने सारे आयुष्य बदलून जाते.

त्या भगिनींचा नंतर पुन्हा दूरध्वनी आला. सासरे आता सकाळी अंगणात फिरतात, असे त्यांनी आनंदाने सांगितले. आपल्या चुकीने त्या अजून खंतावलेल्या होत्या. मी त्यांना म्हटले, ताई, यात तुमचा दोष थोडा आणि आमचा अधिक. नावातील ते एक अक्षर काय सांगते, हे चिठ्ठी हाती देताना कोणीतरी अर्ध्या मिनिटात समजावायला हवे होते. पाश्चरांनी चिमट्याने स्फटिक निवडले, लिस्ट आणि मॅकमिलन यांनी १७ अणूंच्या प्रोलीनला आणि तशाच लहान रेणूंना कामाला लावले. एवढ्या खटाटोपाने वेगळा केलेला हात रुग्णाच्या तोंडापर्यंत योग्य मात्रेत पोहोचवण्याचे शेवटचे काम मात्र घरातील माणसेच करतात.

आज हा अंक मिटल्यावर घरातील सर्व पट्ट्या एका पिशवीत भरा. पुढच्या भेटीत ती पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा, “हे आणि ते एकच तर नाही ना?” असे विचारण्यात संकोच मुळीच नको.